आजी पास झाली

३ जून

ही वही सियाने दिली. वहीवर मांजर आहे आणि मांजराच्या डोळ्यांत चमकी लावलीय. म्हणाली, "आजी, तू रोज लिही. तुझ्या स्टोरीज मला लागणार आहेत." कशाला म्हटलं, तर कॉलेजला जायला. इथं कॉलेजात शिरायला आजीच्या गोष्टी लागतात. आमच्याकडे दाखला लागायचा. तो मला मिळाला नाही, कारण चौथीत नापास झाले आणि बापाने दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी डोक्यावर दिली. म्हणून माझं अक्षर असं, बोंबील वाळत घातल्यासारखं. पण इथं वाचणार कोण? सियाला मराठी वाचता येत नाही, सुनेला म्हणजे विनीताला वेळ नाही, आणि संग्राम, माझा लेक, तो फोनशिवाय काही वाचत नाही.

मी चांगुणा. अलिबागजवळ थळ म्हणून गाव आहे, तिथली. वय बहात्तर. अमेरिकेत श्रूजबरीला लेकाकडे सहा महिने आलेय, नोव्हेंबरात परत. सिया सतरा वर्षांची, एकुलती एक नात. मागच्या खेपेला पाच वर्षांची होती, माझ्या पदरात तोंड पुसायची. आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. मला बघून "आजी" म्हणाली तेव्हा विमानतळावरचे चार लोक वळून बघायला लागले, एवढ्या मोठ्यानं म्हणाली. प्रवासाचा सगळा शीण तिथंच उतरला.

१४ जून

संग्रामने तळ्यावर नेलं. तळं कसलं, खाडीच आहे, लांबच लांब. नाव क्विन्सिगमंड. हे लिहायला संग्रामला तीनदा विचारलं. सिया होडी वल्हवते हे मला ठाऊकच नव्हतं. दर्यावर्दी रक्त आहे, दोन समुद्र ओलांडून आलं. मी पुलावरनं बघत होते, डोळ्यांत पाणी आलं, वारा होता म्हणून सांगितलं.

पण त्या पोरी उलट्या बसतात. आठ पोरी एका सडपातळ होडीत, आणि आठींची पाठ जायच्या दिशेला.

"अरे संग्राम, पोरी उलट्या बसल्यात."

"आई, तशीच पद्धत असते."

"मग पुढं काय आहे ते कळतं कसं?"

"त्यांच्यासमोर एक छोटी मुलगी बसते ना, ती सांगते."

"आणि तिनं चुकीचं सांगितलं तर?"

"आई, तू कॉफी घे."

कॉफी कडू होती. पण होडी अशी सुळकन जाते की काय सांगू. सियाचे आजोबा असते तर बोटीचा धंदा सोडून इथं काठावर बसले असते. ते तांडेल होते, चौदा माणसांची बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आता नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन.

१२ जुलै

आज आयुष्यातली एक मोठी गोष्ट झाली. सियाने मला चित्रं बघायला नेलं. म्युझियमने शाळांतल्या मुलांसाठी स्पर्धा ठेवलीय: आपल्या माणसाला घेऊन यायचं, एका चित्रासमोर उभं राहायचं, आणि त्या माणसाला काय दिसलं ते लिहायचं. सिया म्हणाली, "मी आजीला नेणार." विनीता म्हणाली शेजारच्या डॉक्टर पद्मजा मावशींना ने, त्यांना आर्टमधलं कळतं. सिया म्हणाली, "नो, आजी." हे मी शब्दाशब्द लिहून ठेवतेय.

तिथं खूप खोल्या. निम्म्या चित्रांत बाया उघड्या, मी मान खाली घालून चालले. मग एका भिंतीवर माझंच चित्र होतं.

माझंच म्हणजे काय, अडीचशे वर्षांपूर्वीचं, इटलीकडचं. तिथल्या गावात रस्त्याऐवजी पाणी आहे. दोन्ही बाजूंना माड्या, गच्च्यांवरनं जाजमं सोडलेली, माणसं खिडक्यांतनं लोंबतायत. आणि मधल्या पाण्यात होड्यांची शर्यत. सण आहे म्हणे त्यांचा. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला लागते तशीच. डावीकडे झेंडे लावलेला मांडव, तिथं बक्षीस देतात. बघणाऱ्या कितीतरी लोकांनी तोंडावर पांढरे मुखवटे घातलेत. कोण कुणाचा कोण, काही कळत नाही.

मी सियाला म्हटलं, "हे बघ, यांना येतं वल्हवायला. उभे राहिलेत, तोंड पुढे. बघून चाललेत. तुम्ही उलट्या."

सिया फोनमध्ये टिपून घेत होती. "अँड व्हॉट एल्स, आजी?"

खाली कोपऱ्यात एक म्हातारी होती, छोट्या होडीत. समोर पाटी, पाठ शर्यतीकडे. कुणाला दिसणार नाही अशी. मी म्हटलं, "ही मी."

"ती रेस का बघत नाही?"

"धंद्याच्या वेळी शर्यत कोण बघतं? एवढी गर्दी रोज येते का? पण तिचा कोणीतरी आहे त्या होड्यांत. बघ, मान वळवली नाही, पण कान तिकडं आहे."

सियाने माझा मुका घेतला, तिथल्या राखणदारासमोर. आणि चित्राचं पोस्टकार्ड घेऊन दिलं. ते मी या वहीत खूण म्हणून ठेवलंय. घरी येऊन चष्मा लावून बघितलं तर कार्डाच्या मापात बसवायला कडा कापल्यात, म्हातारीचा कोपरा गेलाय. असू दे. मला ठाऊक आहे ती कुठं आहे.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

तळ्यात नारळ सोडला. विनीता म्हणाली, "आई, इथं असं काही टाकत नाहीत, फाइन होतो." म्हणून संग्राम आणि मी कडेला जाऊन हळूच सोडला, चोरासारखा. बदकं आली बघायला.

सियाला आजोबांची गोष्ट सांगितली. एका सालात वादळ झालं, बोट आली नाही. दहा दिवस वाट बघितली आणि मग सगळ्यांनी ठरवलं की गेले. दहावं केलं. कावळा शिवेना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तेराव्या दिवशी हे दारात उभे, गुजरातच्या बोटीनं उचललं होतं. मी धावले, तर माझ्या सासूने हात आडवा घातला. जिवंत माणसाचं दहावं झालं की तो मेलाच. परत घरात यायचं तर परत जन्मायला पाहिजे. मग दारातच पाळणा आणला. सत्तर किलोचा बाप्या पाळण्यात मावणार कसा, नुसते पाय ठेवले. नणंदेने कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, मग उंबरा ओलांडू दिला. नाव जुनंच ठेवलं, नवीन कुणाच्या लक्षात राहणार.

सिया हसून हसून लोळली. मग उठून बसली. "सो नाव सांगितल्याशिवाय ही वॉज डेड?"

"घरासाठी मेलेलाच."

"दॅट्स सो इन्सेन, आजी." आणि टिपून घेतलं.

३० ऑगस्ट

एक बाई आहेत, न्यू जर्सीला असतात, कॉम्प्युटरवर येतात. मुलांचे निबंध बघतात आणि कॉलेजात लावून देतात. नाव कादंबरी. मी म्हटलं जन्माचं नाव की धंद्यासाठी ठेवलं, तर विनीता हसली नाही.

मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. सिया आणि विनीता जेवायच्या टेबलावर, कादंबरीबाई पडद्यावर. त्यांचं बोलणं निम्मं कळतं. म्हणाल्या, "सिया, इट्स स्वीट. पण स्वीट चालत नाही ग. दरवर्षी माझ्याकडे चाळीस आज्या येतात. कुणाची लाडू करते, कुणाची साडी नेसायला शिकवते. पेंटिंग छान आहे, बोट छान आहे. पण लॉस कुठंय? लॉस नाही तर आर्क नाही."

आर्क मला कळलं नाही. लॉस कळलं. चाळीस वर्षं मासळी विकली, लॉस मला नाही कळणार तर कुणाला. मी कोथिंबिरीचे हात पुसत पुढं गेले आणि म्हटलं, "लॉस पाहिजे होय? घ्या की." आणि सांगितलं, एका साली मोठ्या ट्रॉलरने आमची जाळी तोडून नेली, सगळी, नवीकोरी, मी स्वतः दोरा भरलेली.

कादंबरीबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही फार क्यूट आहात."

विनीताने कॉम्प्युटर उचलला आणि दोघी वर गेल्या. वरनं बराच वेळ आवाज येत होता. सिया म्हणत होती, "बट शी इज राइट हिअर." विनीता काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मी खूश आहे. माझ्या लॉसचा कुणाला तरी उपयोग होतोय.

१० सप्टेंबर

पितृपक्ष लागला. इथं कावळे आहेत, पण गलेलठ्ठ, त्यांना पडलेली नाही.

सिया शाळेतनं आली, बॅग टाकली नि माझ्याजवळ बसली. "आजी, लाइक, माणूस गेलं की तुम्ही लोक काय करता?"

सगळं सांगितलं. दहावं, पिंड, कावळा, गेलेल्याच्या आवडीचं ताट. "तुझ्या ताटात काय ठेवतील?"

"माझ्या? सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. त्याशिवाय मी येणार नाही म्हणून सांगून ठेवते. कितीही का का करा."

ती हसली नाही. लिहून घेतलं, मग फोन उलटा ठेवला आणि मला मिठी मारली. एवढी लांब मिठी की भाजी खाली लागली.

"सॉरी, आजी."

"कशाबद्दल ग?"

"जस्ट."

पोर मायाळू आहे. पद्मजाताईंना सांगितलं. त्या दोन घरं सोडून राहतात, लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, पंचेचाळीस वर्षं झाली या देशात. रोज मला फिरायला नेतात. म्हणाल्या, "नशीबवान आहात चांगुणाताई, आमची नातवंडं हाय म्हणतात आणि चार्जर शोधतात."

संग्रामकडनं सियाने माझा जुना फोटो पण मागून घेतला. पाटी डोक्यावर, थळचा किनारा, मी असेन बावीसची. आताचा का नको विचारलं तर म्हणे जुना ब्यूटिफुल आहे. तो आहेच.

११ ऑक्टोबर

सियाचा पहिला नंबर आला. हे आधी लिहिते, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता राहून जाईल.

म्युझियममध्ये समारंभ होता. विनीता म्हणत होती, आई बोअर होतील, खुर्च्या कडक असतात. संग्राम म्हणाला, "तिचीच गोष्ट आहे, ती नाही तर कोण जाणार?" त्याने तो निबंध वाचलेला नव्हता हे मला ठाऊक आहे. कारण विनीताने गाडीत त्याच्याकडे बघितलं, आणि मग मागं वळून मला म्हणाली, "आई, एक सांगायचंय. तिथं कुणी विचारलं तर तुम्ही सियाच्या मावशी आजी. म्हणजे तिच्या आजीची बहीण. चालेल ना?"

"का ग?"

"फॉर्ममध्ये तसं आहे."

संग्राम म्हणाला, "व्हॉट?" विनीता इंग्रजीत बोलली, भरभर. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी थांबलेलीच, मागच्याने हॉर्न दिला. सिया खिडकीबाहेर बघत होती.

मी ओळखलं, व्हिसाचं काहीतरी असणार. इथं सगळं व्हिसाचंच असतं. पद्मजाताई सांगतात, एकेका कागदासाठी लोक काय काय करतात. म्हटलं, "चालेल की. मला चार भाऊ, बहीण नाही. लहानपणी बहिणीसाठी रडायचे. या वयात मिळाली, तीही मीच." कुणी हसलं नाही. टेन्शन होतं सगळ्यांना.

ते चित्र तिथंच होतं, आणि माझी म्हातारी कोपऱ्यात बसलेली. मी तिला ओळख दाखवली. सिया चित्राशेजारी उभी राहून वाचायला लागली. पोर काय दिसत होती, निळ्या कपड्यात. सगळं इंग्रजीत, पण "आजी" शब्द मला कळतो, तो मी मोजला. चौदा वेळा. मग मागच्या पडद्यावर माझा पाटीवाला फोटो आला. सिया म्हणाली, "माय आजी पास्ड." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

आजी पास.

चौथीत नापास झालेली मी, तिने मला भर सभेत पास केलं. सगळ्या मोठ्या लोकांपुढे. एका बाईने रुमाल काढला, मग दुसऱ्या. माझेही डोळे वाहायला लागले, आणि मी मोठ्यानं टाळी वाजवली. माझ्या एकटीची टाळी वाजली. विनीताने माझा हात धरला, घट्ट. शेवटाला मग सगळ्यांनी वाजवली.

नंतर फराळाच्या टेबलापाशी एक पांढऱ्या केसांची बाई आली. सियाने ओळख करून दिली, "धिस इज माय... मावशी आजी. माय ग्रँडमदर्स सिस्टर." तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "सो सॉरी फॉर युअर लॉस." माझ्या मनात आलं, बघ, पोरीने जाळ्यांचा लॉस पण घातला. मी म्हटलं, "थँक यू, थँक यू. ओल्ड लॉस." तिने मला मिठीच मारली.

सिया तिथून बाथरूमला गेली आणि बराच वेळ आली नाही. तिला हे असं गर्दीत होतं, लहानपणापासून.

१४ ऑक्टोबर

आज पास झाल्याचा नारळीभात केला. डबा घेऊन पद्मजाताईंकडे गेले. म्हटलं, "घ्या, मी पास झाले." निबंधांचं छापील पुस्तक दिलंय म्युझियमने सगळ्यांना, ते संग्रामच्या टेबलावरनं घेऊन गेले. म्हटलं, वाचून दाखवा, मराठीत सांगा.

ताई वाचायला लागल्या. चित्र आलं. उभं राहून वल्हवणारे आले. "आम्ही होडीत पाठ करून बसतो, कुठं चाललोय ते दुसऱ्याच्या तोंडून कळतं." हे माझंच वाक्य, थोडं नटवलेलं. म्हातारी आली, पाटी आली. मी मान डोलावतेय. मग ताई थांबल्या.

"पुढं?"

"चष्म्याला काहीतरी झालंय हो."

"चष्मा तर लावलाय."

"चहा ठेवते मी."

त्या उठल्या. मी पुस्तक घेतलं. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण अक्षरं येतात, सिया पाच वर्षांची असताना तिच्याबरोबर शिकले होते. एक एक करत गेले आणि तो शब्द सापडला, पी-ए-एस-एस. त्याच्यापुढं अजून एक शब्द. ताईंना विचारलं, "ए-डब्ल्यू-ए-वाय म्हणजे काय?"

ताई ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या, "दूर."

"पास दूर?"

चहा उतू गेला तरी त्या तशाच उभ्या.

"ताई, सियाचे आजोबा त्या वादळात हरवले तेव्हा मला तार वाचून दाखवणारा पोस्टमन असाच उभा होता. तुम्ही सांगा."

मग त्यांनी सांगितलं. निबंधातली आजी मार्चात गेली, चित्रासमोर उभी राहायला तिची बहीण आली. दहाव्याला कावळा शिवेना, म्हणून नातीने सुके बोंबील आणून ठेवले, अमेरिकेत, इंडियन दुकानातनं, आणि मग कावळा आला. हे फार सुंदर लिहिलंय, ताई म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून टाकलं.

भात तिथंच राहिला. डबाही.

१५ ऑक्टोबर

ऊन छान होतं. कपडे वाळत घातले. इथं बाहेर वाळत घालत नाहीत म्हणाली विनीता. काढले.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आठवडाभर वही उघडली नाही. काय लिहिणार. मेलेल्या माणसाने रोजनिशी लिहायची नसते.

आज दुपारी करंज्या करायला सियाला बसवलं. विनीता ऑफिसच्या मीटिंगमध्ये, वरती. मी पारी लाटतेय, ती सारण भरतेय, हातभर पसरवून.

मी म्हटलं, "बोंबील कुठल्या दुकानातले आणलेस ग माझ्या पिंडाला? इथले कुबट असतात."

तिच्या हातातला चमचा पडला. मग जी रडायला लागली, पिठात टिपं पडायला लागली. "आजी, आय डिडन्ट वाँट टू. कादंबरी मॅम म्हणाल्या की इट्स लाइक फिक्शन, सगळे करतात. मॉम म्हणाली आजीला कधी कळणार नाही."

"ते बरोबरच होतं. माझंच चुकलं, मी पास झाले म्हणून वाचायला गेले."

"डोन्ट से दॅट."

"रडू नको, करंज्या फुटतील. आमच्यात म्हणतात, जिवंत माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. तू मला दहा वर्षं दिलीस. पण आजोबांना परत घेताना काय केलं होतं, आठवतं ना?"

"पाळणा." नाक ओढत म्हणाली. "आणि कानात कुर्र."

"पाळणा राहू दे. आधी ते लिहिलेलं बदल. मग माझ्या कानात एकदा कुर्र कर आणि आजी म्हण. तेवढ्याने मी जिवंत होते."

म्हणाली, कॉलेजला अजून निबंध गेलेला नाही. एक नोव्हेंबरला जाणार आहे. "आय विल चेंज इट. त्याच्या आधी. प्रॉमिस, आजी."

तिच्या करंज्या सगळ्या फुटल्या. मी त्याच खाल्ल्या.

२६ ऑक्टोबर

वर खूप बोलणं चाललंय. दार लावून. कादंबरीबाईंचा आवाज सगळ्यात स्पष्ट येतो. "प्राइझ, प्राइझ" एवढं कळतं. संग्राम गॅरेजमध्ये जाऊन पानं गोळा करायचा पंजा दुरुस्त करतोय. तो पंजा मोडलेला नाही.

१ नोव्हेंबर

आज पाठवायचा दिवस. सकाळीच सगळे टेबलाशी जमले. विनीताने केक आणून ठेवला होता. सिया मधे, कॉम्प्युटरसमोर. मला पण बोलावलं, खुर्ची दिली.

मी विचारलं, "मी आहे ना त्यात?"

"हो आजी. तू आहेस."

"जिवंत?"

सिया बोटांकडे बघत राहिली. वल्हवून वल्हवून घट्टे पडलेत तिच्या तळहाताला, अगदी आजोबांसारखे.

विनीता म्हणाली, "आई, प्राइझ त्याच निबंधाला मिळालंय. पुस्तकात छापलाय. आता बदलला तर लोक विचारतील की खरं कुठलं. तिचं सगळं जाईल. मेडलपण जाईल, कॉलेजपण. तुम्हाला तिचं भलं नको का?"

"मला दुसरं काय हवंय?"

"मग कागदावरचंच आहे ना ते."

संग्राम म्हणाला, "हो आई. नुसता कागद."

"दाखलाही कागदच असतो, बाबा. त्याच्यापायी मी आयुष्यभर पाटी वाहिली."

सियाचं बोट बटणावर होतं. ती माझ्याकडे बघत होती, विनीताकडे नाही, माझ्याकडे. मी नाही म्हटलं असतं तर तिने दाबलं नसतं. हे मला ठाऊक आहे आणि तिलाही. आठी पोरी पाठ करून बसतात आणि समोरची छोटी सांगेल तसं जातात. आज समोरची छोटी मी होते.

मी म्हटलं, "दाब."

"आजी?"

"दाब ग. केक गरम होतोय."

तिने दाबलं. तांडेलाची बायको आहे मी. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकदा वळली की काठावरनं हाका मारत नाहीत.

केक आंबट होता, लिंबाचा. सगळ्यांनी छान म्हटलं.

९ नोव्हेंबर

पद्मजाताई डबा परत द्यायला आल्या. रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घातली होती. म्हणाल्या, "मी कळवू का म्युझियमला? माझं नाव नाही येणार." मी म्हटलं, "डॉक्टर आहात ताई. गेलेल्या पेशंटला उठवू नका."

मग दोघी बराच वेळ हसलो. हसायचं काही नव्हतं.

२२ नोव्हेंबर, विमानात

सिया विमानतळावर आली होती. शर्यत सोडून आली. तिची मैत्रीण आणि मैत्रिणीची आई गाडीतनं सोडायला आल्या होत्या, त्या लांब उभ्या होत्या, हात हलवत. सियाने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग वाकली, माझ्या कानाशी आली. श्वास लागला कानाला. कुर्र म्हणाली, बारीक.

पुढचं म्हणायच्या आधी मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "नको. आता नाव ठेवलंस तर तू खोटी पडशील."

"बट आजी..."

"मावशी आजी म्हण. त्या दोघी बघतायत."

म्हणाली ती. मोठ्यानं नाही म्हणाली, पण म्हणाली. मग संग्रामने बॅग ढकलली. मी मागं वळून बघितलं नाही, कान तेवढा तिकडं ठेवला.

खिडकीची जागा आहे. खाली नुसतं पाणी. पोस्टकार्ड काढून बघितलं, शर्यत चाललीय, मुखवटेवाले बघतायत. शेजारी एक अमरावतीकडची बाई बसलीय, लेकीचं बाळंतपण करून चाललीय. बोलकी आहे, मला बरं वाटलं. नातवाचे फोटो दाखवले, दोनशे तरी असतील. मग मला विचारलं, "तुमचं कोण असतं तिकडे?"

"बहिणीची नात," मी म्हटलं. "फार हुशार आहे. होडी वल्हवते."

"आणि बहीण?"

"बहीण गेली. मार्चात."

तिने फोन बाजूला ठेवला आणि माझा हात हातात घेतला.

मी म्हटलं, "थँक यू."